फुकटचा अडॅप्टर

मायक्रोएसडी, म्हणजे फोनमधलं नखाएवढं मेमरी कार्ड, घेतलं की ते मोठ्या खाचेत बसवायला एक काळा अडॅप्टर फुकट येतो. लोक तो ड्रॉवरमध्ये टाकतात आणि विसरतात. मला नेमका तोच हवा होता. खिशात मावेल असा गाण्यांचा डबा बनवतोय. डब्याचा मेंदू म्हणून ईएसपी32 नावाचा छोटा बोर्ड आहे, बॅटरी आहे, कार्डाला जागा नाही. कार्डाच्या खाचेचं तयार मॉड्यूल डब्यात बसत नाही. अडॅप्टरच्या पट्ट्यांना पिना सोल्डर केल्या की झालं सॉकेट. कार्ड 3.3 व्होल्टवर चालतं, बोर्डही तेवढ्यावरच, थेट जोडा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार म्हणाला, "नुसता अडॅप्टर विकत नाही. कार्ड घ्या."

शेजारी रिमोट घ्यायला आलेले एक काका होते. रिमोट मिळाला होता, पण ते जागचे हलेनात.

"काय बनवताय?"

"गाण्यांचा प्लेअर."

"मोबाईलमध्ये वाजत नाहीत?"

"वाजतात."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

"खर्च किती आला?"

सांगितला. सांगायला नको होता.

"अहो, एवढ्यात ब्लूटूथ स्पीकर येतो! लाईट लागतात त्याला."

"लागतात," दुकानदार म्हणाला, आणि न मागता एक स्पीकर काढून लावूनही दाखवला. आम्ही तिघं तो लाल-हिरवा होताना बघत उभे राहिलो.

मग काकांना आठवलं, बायकोच्या फोनला कार्ड हवंय. पाकीट फाडलं, कार्ड फोनमध्ये गेलं. अडॅप्टर काचेवर पडून राहिला.

"काका, हा तुम्हाला नको असेल तर..."

काकांनी तो उचलून उलटापालटा केला. "हा घालतात कशात?"

"कॅमेऱ्यात, लॅपटॉपमध्ये."

"आमच्याकडे दोन्ही नाही," म्हणाले, आणि रिमोटच्या पिशवीत टाकला. "असू दे. लागतो कधीतरी."

लागतो! कशाला?

शेवटी 32 जीबीचं कार्ड घेतलं, अडॅप्टरसाठी. तसा या कार्डांचा इतिहास माणसाला नको ते घ्यायला लावण्याचाच आहे. 1998 मध्ये सोनीने मेमरी स्टिक काढली, 1999 मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबाने एसडी, 2002 मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मने एक्सडी. प्रत्येकाची खाच वेगळी, पैसे आपले. आता सगळ्यांचं एकमत झालं, तर बऱ्याच फोनांतून खाचच गायब! जास्त जागा हवी? महागडा फोन घ्या, नाहीतर ऑनलाइन जागेचं दरमहा भाडं भरा. आपलीच गाणी, आपणच भाडेकरू.

असो. अडॅप्टरच्या पट्ट्या 2.5 मिलिमीटरवर, बाजारातल्या पिना 2.54 वर. सात पिनांत फरक पाव मिलिमीटरचा, चालून जातो. प्लॅस्टिक मात्र लगेच वितळतं. डाग देऊन सोल्डरिंग आयर्न झटकन उचलायचं. कार्ड बोर्डाला वाचता येईल अशा फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलं, गाणं लागलं. स्वच्छ, खरखर नाही.

मुलीने डबा हातात घेऊन सगळीकडून पाहिला.

"बाबा, याला लाईट नाहीत?"