बाबांच्या नाकातली शिट्टी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, वाचा.

सकाळी कंपनीत हवा तपासणारे आले होते. आमच्याकडे क्रोम प्लेटिंग चालतं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमचा चकचकीत थर चढवायचा. तो चढतो क्रोमिक ॲसिडच्या टाकीत, तिला बाथ म्हणतात. हवा ओढणारा छोटा पंप कामगाराच्या पट्ट्याला लावायचा, फिल्टर कॉलरला, नाकाजवळ, म्हणजे तो माणूस शिफ्टभर काय ओढतोय ते कळतं. लावला बाथवरच्या पोराला. फोटो काढला. दहा मिनिटांत "कामात मध्ये येतोय" म्हणून सोडला आणि ठेवला कुठे, तर सुपरवायझरच्या केबिनमध्ये, एसीखाली! रिपोर्ट काय येणार ते मी आजच सांगते: मर्यादेच्या आत.

बाबा बावीस वर्षं प्लेटिंगला होते. झोपले की नाकातून बारीक शिट्टी वाजायची. आम्ही भावंडं "गाडी सुटली" म्हणून खिदळायचो. रिटायर झाल्यावर सर्दी हटेना म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका नाकपुडीत बॅटरी मारली, तर उजेड दुसरीतून बाहेर. मधल्या पडद्याला आरपार भोक. बाथमधून बुडबुडे फुटून क्रोमिकचे जे तुषार उडतात ना, त्यांनी खाल्लेला. कंपनीच्या रजिस्टरात दरवर्षी वजन, बीपी आणि पुढे "फिट". नाकात कोणी डोकावलंच नव्हतं.

भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये ४१-सी कलम घातलं. रसायनांशी काम करणाऱ्याची आरोग्याची नोंद ठेवायची आणि ती त्याला बघायला मिळाली पाहिजे. हवेत क्रोमिक ॲसिड किती चालेल तेही त्या कायद्यात ठरवलेलं होतं, घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. बाबांनी आपलं रजिस्टर एकदाही पाहिलं नाही. मागता येतं हेच कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तीन कंपन्या झाल्या, तिन्ही ठिकाणी हेच.

हो, पोरं स्वतःच मास्क काढतात, मान्य. मे महिन्यात तासभर त्या बाथवर उभे राहा, मग बोलू. आमचे मालकही राक्षस नाहीत, एक्झॉस्ट बसवलाय त्यांनी. तो रोज चालू असतो का, हे विचारू नका.

पंपवाल्या मुलावर मी जाम ओरडले. नंतर वाईट वाटलं. तोही कंत्राटीच, त्याला अजून दोन कंपन्या उरकायच्या होत्या. आणि खरं सांगू? ते रिपोर्ट पंच करून फाइलला लावतं कोण? मीच. सहा वर्षं लावतेय. बाबांचं "फिट"सुद्धा माझ्यासारख्याच कोणीतरी लावलं असेल.

संध्याकाळी तो बाथवरचा पोरगा गेटवर भेटला. रुमालाला रक्त. म्हणाला, "काही नाही ताई, उन्हाने फुटतं." एकवीस वर्षांचा आहे. रजिस्टरात फिट आहे.

उद्या सुट्टी टाकलीय. त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेतेय. बाबा म्हणाले, मीही येतो, मला बघितलं की तो खरं सांगेल.