‘लोक आता वाचत नाहीत’ हे छोट्या व्यावसायिकांना सांगणं बंद करा

व्यवसायाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतोय. थोडक्यात असा: २००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, आता ८ सेकंद, गोल्डफिशचं सुद्धा ९. म्हणून वेबसाइटवर लिहिण्यात पैसे घालू नका, दोन ओळी आणि एक रील पुरे, कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) भरपूर टाका, लेख हवेच असतील तर एआयकडून रोज पाडून घ्या, आणि मराठीत लिहू नका कारण गिऱ्हाईक इंग्लिशमधूनच येतं. मी आंबेवाले, होमस्टेवाले, मसालेवाले यांच्यासाठी मजकूर लिहितो आणि हे वाचून लोक आपली चांगली पानं काढून टाकायला निघालेत, ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते ८ सेकंद. हा आकडा मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५ च्या एका रिपोर्टमुळे जगभर गेला, पण तो त्यांच्या स्वतःच्या अभ्यासातून आलेला नव्हता, स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या वेबसाइटवरून उचललेला होता. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला, त्या वेबसाइटने ज्या संस्थांची नावं दिली होती त्यांना विचारलं, तर असं संशोधन कुणाकडेच सापडलं नाही. गोल्डफिशच्या ९ सेकंदांचंही तेच. म्हणजे ज्याच्यावर पुढचा सगळा सल्ला उभा आहे तो पायाच नाहीये.

आता ‘लोक वाचत नाहीत’. यात थोडं खरं आहे, ते मान्य करतो. वेबसाइट लोकांना वापरायला किती सोप्या जातात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनच्या १९९७ च्या अभ्यासात १०० पैकी ७९ लोक नवीन पानावर आधी फक्त नजर फिरवत होते. हा आकडा सगळे सांगतात, पण त्याच सुमारास त्यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची एक वेबसाइट वेगवेगळ्या प्रकारे लिहून लोकांना वापरायला दिली होती, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मूळ मजकूर जाहिरातबाज होता. शब्द निम्मे केल्यावर पान वापरायला ५८ टक्के सोपं झालं, शब्द तेवढेच ठेवून नुसती फुशारकी काढली तरी २७ टक्के, आणि कमी शब्द, साधी भाषा, नजरेत भरणारी मांडणी हे तिन्ही एकत्र केल्यावर १२४ टक्के. कात्री लावायचीच असेल तर ती विशेषणांना लावा, गिऱ्हाइकाला हवी असलेली माहिती कापून काय मिळणार?

हापूस विकणाऱ्यांच्या साइट बघा. ‘अस्सल, नैसर्गिक, दर्जेदार, चवीला अप्रतिम’, नाव झाकलं तर कुठली कुणाची ओळखता येणार नाही. पेटीचे पैसे आगाऊ भरणाऱ्या माणसाच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं, बाग कुठल्या गावात आहे, पेटीत किती डझन, एक फळ साधारण किती ग्रॅमचं, कच्चं येणार की तयार, कच्चं आलं तर घरी किती दिवस ठेवायचं, आणि कापल्यावर साका (गरातला पांढरट, खराब भाग) निघाला तर तुम्ही काय करणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण लिहीतच नाहीत, घाबरतात, आणि माझ्या मते विश्वास बसतो तो नेमका तिथेच. ‘कार्बाइड फ्री’ तर सगळेच लिहितात, कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यात वेगळं काय सांगितलं? त्यापेक्षा आढी कशी घालता, गवत कुठलं, किती दिवस, हे फोटोसकट लिहा. कोकण हापूसला २०१८ मध्ये जीआय (त्या भागाचाच माल असल्याचं कायदेशीर मानांकन) मिळालाय, तुमची नोंदणी असेल तर नंबर टाका. हे सगळं दोन ओळींत बसत नाही आणि बसवायची गरजही नाही, फक्त भाव आणि डिलिव्हरी वर ठेवा म्हणजे नजर फिरवणाऱ्यालाही सापडेल.

रील बनवू नका असं मी म्हणत नाही, रीलमुळे माणूस येतो. पण खाली कमेंटमध्ये ‘किंमत?’, ‘पुण्यात मिळेल का?’ हेच विचारत बसलेला असतो, त्याला पाठवायला एखादं पान हवं ना.

कीवर्डचा सल्ला तर फार जुना झालाय. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली कीवर्डची यादी) आपण रँकिंगला, म्हणजे शोधात कोण वर दिसणार हे ठरवायला, वापरत नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय, आणि एकच शब्द पानभर कोंबणं त्यांच्या नियमांत स्पॅम आहे. अमुक इतके शब्द हवेतच असंही काही नाही, हे गूगलच्या मार्गदर्शनातच लिहिलंय, त्यामुळे १५०० शब्दांचा हट्ट धरणाऱ्या एजन्सीचंही ऐकू नका. एआयकडून रोज लेख पाडून घेण्याचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून फक्त रँकिंगसाठी ढिगाने टाकलेला, वाचणाऱ्याच्या कामाचा नसलेला मजकूर गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन आलाय, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. एआयची मदत घ्या की, पण तुमच्या बागेत यंदा मोहोर कधी आला ते त्याला तुम्हीच सांगायला लागणार.

आणि मराठी. केपीएमजी ही सल्लागार कंपनी आणि गूगल यांच्या २०१७ च्या रिपोर्टमध्ये २०१६ सालचे भारतीय भाषांमधले इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी आणि इंग्लिशवाले १७.५ कोटी होते, म्हणजे तेव्हाच आपल्या भाषांचं पारडं जड होतं. तुमचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याबाहेरचंही असेल तर इंग्लिश पान ठेवाच, पण मराठी पान काढू नका, आणि ते इंग्लिशचं भाषांतर करून लिहू नका, फोनवर गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं ते शब्द तसेच घ्या. आठवडाभर फोनशेजारी वही ठेवा, आलेले प्रश्न लिहून काढा, जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला त्याचं उत्तर पानावर सगळ्यात वर टाका.