भिंतीवरचा सिनेमा अन् पवन्याचं लग्न

वरूडकडच्या आमच्या पानठेल्यावर काल जाम वाजलं, अन् तेही संत्र्याच्या भावावरून नाही तर एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमावरून. मास्तरनं मोबाईलवर हॉलिवूडच्या डायरेक्टर बिली वाइल्डरचा 'वन, टू, थ्री' पाह्यला, १९६१ चा, अन् आल्याआल्या स्टोरी सुरू. पश्चिम बर्लिनात कोकाकोलाचा मॅनेजर, त्याच्या अमेरिकेतल्या साहेबाची पोरगी येते अन् पूर्वेकडच्या कट्टर कम्युनिस्ट पोट्ट्याशी गुपचूप लग्न लावते, मग हा मॅनेजर त्या पोट्ट्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरले रशियावाल्यांनो चालते व्हा लिहिलेला फुगा अडकवून त्याले तिकडच्या पोलिसांत देतो, अन् मग समजते पोरगी पोटुशी हाये, आता आणा त्याच जावयाले सोडवून!

गोलू हसून हसून लोळला. पवन्या भडकला. "लोकाईचे संसार तुटले थ्या बर्लिनच्या भिंतीनं, अन् ह्याले कॉमेडी सुचली?"

"अबे, लिवला तवा भिंत होती कुठी?" मास्तर म्हणे. शूटिंग चालू असताना १३ ऑगस्टला लोक उठले तर पूर्व-पश्चिम बर्लिनच्या मधात काटेरी तारा, भिंतीची सुरुवात तिथून. हद्दीवरच्या ब्रँडेनबर्ग गेटवर काम करता येईना म्हणून म्युनिकच्या स्टुडिओत खोटं गेट उभं केलं. डिसेंबरात सिनेमा लागला अन् आपटला, कोण हसते तेव्हा. पण १९८५ मध्ये पुन्हा लावला तर पश्चिम बर्लिनात धो धो चालला.

"म्हन्जे जखम भरली," गोलू.

हे मले नाही पटलं. भिंत १९८५ मध्ये बी उभीच होती, पडली १९८९ ला. जखम कशाची भरते, सवय झाली असंन लोकाईले.

मग गोलूनं पवन्याची कळ काढली. २०२० च्या लॉकडाऊनात याचं लग्न ठरलेलं, सासर पांढुर्णा, म्हणजे मध्यप्रदेश, अन् बॉर्डर बंद. गडी रोज गाडी घेऊन नाक्यापर्यंत जाये अन् वापस ये. आम्ही म्हटलं, पांढुर्ण्यात गोटमारीचे, म्हणजे एकमेकाले गोटे मारायच्या तिथल्या जत्रेतले, गोटे खाल्ल्याबिगर पोरगी भेटत नसते लेका, तर यानं महिनाभर आमच्याशी बोलणं सोडलं. आता त्याची बायकोच थो किस्सा चहा देता देता सांगते, अन् सगळ्यात जास्त हाच हसते.

पवन्या गप. तेवढ्यात शेतातली लाईन आली म्हणून फोन आला, मोटर चालू करायले उठला.

"लिंक टाकून ठेव मास्तर," गाडीले किक मारत म्हणे, "पन मी काई हसनार नाई."