वणव्याचा डॅशबोर्ड कसा पेटवावा

मार्चमध्ये काजूला बोंडू धरले की गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरात कुठून तरी धूर निघतोच. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात तो इतका निघाला, की नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या लटकवून आणावी लागली. पुढच्या खेपेला समन्वयाचं काम तुमच्या गळ्यात पडलं, तर बिचकू नका.

आधी पणजीत एक मोठा पडदा लावा. मंत्री पुढे उभे राहिले तरी मागचा नकाशा फोटोत दिसला पाहिजे. नकाशावर लाल ठिपके हवेत, ते फुकट मिळतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे थेट मोबाइलवर पाठवते. त्यातला बारीकात बारीक ठिपकाही ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे १४ हेक्टरांचा चौकोन असतो. त्यात कडा, ओहोळ आणि कुणाचं तरी काजूचं भाट म्हणजे बाग, सगळं आलं. उपग्रह पुन्हा डोक्यावर येईपर्यंत आग पलीकडच्या डोंगरात पोचलेली असेल, पण ठिपका जागा सोडत नाही. पाहुण्यांना ही शिस्त फार आवडते.

खरं कसब संपर्कात आहे. पायलटचा रेडिओ सहसा एएमवर बोलतो, खालच्या वनखात्याच्या गार्डचा वॉकीटॉकी एफएमवर. दोघं एकमेकांना डोळ्यांनी पाहू शकतात, बोलू मात्र शकत नाहीत. अमेरिकेत यासाठी विमानात दोन्ही तऱ्हेचे सेट बसवतात आणि खालच्या माणसांशी बोलायची फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून ठेवतात. तुम्ही असल्या भानगडीत पडू नका, व्हॉट्सअॅप ग्रुप काढा. गार्ड निरोप टाकेलच, संध्याकाळी वाळपईला उतरून रेंज मिळाली की. तोवर वरून पाणी पडत राहील. एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या बादलीत ३५०० लिटरपर्यंत मावतं, म्हणजे साडेतीन टन, आणि खाली कोण उभं आहे ते हे पाणी विचारत नाही. खाली कुणीच नसलं तर आणखी मजा: पाण्यानं आग नुसती दबते, मागोमाग ओल्या फांद्या घेऊन माणसं पोचली नाहीत तर ती पुन्हा डोकं काढते. मग दुसरी फेरी. फेऱ्यांचा आकडा पत्रकात उठून दिसतो.

ठिकाण कळवताना फोनवर दिसेल तो आकडा जसाच्या तसा वाचा. फोन १५.५५ अंश दाखवतो, पायलटला अंश आणि मिनिटं लागतात. खरं उत्तर १५ अंश ३३ मिनिटं. पण घाईत कुणी १५ अंश ५५ मिनिटं ऐकलं, तर हेलिकॉप्टर चाळीस किलोमीटर उत्तरेला, आंबोलीच्या बाजूला जाईल. तिथली हवा तरी थंड असते.

हुकूम कुणी द्यायचा, हे शेवटपर्यंत ठरवू नका. १९७० साली कॅलिफोर्नियात वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले. प्रत्येक खात्याचा रेडिओ निराळा, परिभाषा निराळी, साहेब निराळा. तेव्हा तिथल्या लोकांनी एका आगीला एकच प्रमुख, अशी पद्धत बसवली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानंही त्याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये छापली आहेत. प्रत जाडजूड आहे, मॉनिटरखाली चांगली बसते.

आणि ड्रोन! हौशी पोरांना मोकळं सोडा, रील तरी होतील. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात अशाच एका खासगी ड्रोननं पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर बसलं. आपल्याकडे आधी विमान हवं, असं म्हणाल. बरोबर आहे, तोही प्रस्ताव पडद्याच्या बिलासोबत पाठवून द्या.

एवढं झाल्यावर ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे येऊ लागतील. त्यांच्यामध्येच एखादा म्हातारा गार्ड लिहील, ‘साहेब, यंदा आग अडवायच्या जाळरेषा काढल्याच नाहीत, डिसेंबरात माणसं मागितली होती.’ त्याला ताबडतोब ग्रुपमधून काढा.