नव्या बॅटरीला जुना दाखला

ड्रोनची बॅटरी फुगली की ड्रोनवाला आधी जमिनीवर येतो, मग बाजारात. परदेशात बनलेले तयार ड्रोन आणायला सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी घातली. सुटे भाग चालतात म्हणे. चालत असतील, पण बेळगावात खडेबाजारापर्यंत चालत आलेले मी तरी बघितले नाहीत. एक दुकानदार प्रेमानं म्हणाला, "त्यापेक्षा इन्व्हर्टर घ्या की, स्कीम आहे."

म्हणून अस्सल बॅटरीचा नाद सोडला आणि कोल्हापुरातून सुटे लिथियम सेल घ्यायचे ठरवले. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, दिसायला गरीब. आणायला मावसभाऊ तयार झाला. नेमकं त्याच दिवशी सीमेवर काहीतरी तापलं आणि एसटी कागलच्या पुढं जाईना. सीमाप्रश्न 1956 पासून आहे, खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. मावसभाऊ मात्र वडापची जीप धरून, सेल जेवणाच्या डब्यात घालून, दुपारी निपाणीत. डब्यातली चटणी सेलला लागली होती. ती पुसली आणि त्यांना कर्नाटकात घेतलं.

खरा प्रश्न पुढं होता. पूर्वी बॅटरीला प्लस आणि मायनस एवढीच अक्कल असायची. आताच्या बॅटरीत एक चिप बसलेली असते. ड्रोन सुरू करताना तिला विचारतो, तू कोण, कुठली, आजवर किती वेळा चार्ज झालीस? उत्तर पटलं तरच पंखे फिरतात. माझे सेल ताजे, भरलेले, व्होल्टेज चोख; पण कागद नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे नवीन नाही. माणूस समोर उभा असतो, अर्ज हातात असतो, तरी खिडकीतून आवाज येतोच, "कन्नडातला फॉर्म भरून आणा." मला त्या सेलची दया आली.

गल्लीतले मिस्त्रीमामा उद्यमबागेतल्या कारखान्यांत पंप आणि व्हॉल्व्हच्या कामात म्हातारे झालेले. आता घरीच सोल्डरिंग करतात. त्यांनी तोडगा काढला. मेलेल्या बॅटरीची चिप काढायची आणि नव्या सेलना जोडायची. म्हणजे देह नवा, दाखला जुना. मी म्हटलं, हे बेकायदा तर नाही ना? मामा म्हणाले, "तुझ्या आज्याचं रेशनकार्ड किती वर्षं चाललं, आठवतंय नव्हं?"

त्यातही एक मेख. चिपचा वीजपुरवठा क्षणभर जरी तुटला, तरी ती रुसून कायमचं कुलूप लावून बसू शकते. त्यामुळं आधी नवे सेल जोडायचे आणि मगच जुने सोडायचे. तेही एकेक तार करून, कारण दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी आणि लिथियम हे लग्न लागतं. मामा सोल्डर मारत होते, मी वाळूची बादली धरून उभा. बायको दारातून म्हणाली, "अहो, काय करूलालाय? आणि ती वाळू तुळशीची हाय!"

दाखला लागला. दिवे पेटले. पण नवे सेल बॅटरीच्या कप्प्यात मावेनात. मग ते पट्ट्यानं ड्रोनच्या पाठीवर आवळले आणि सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणं 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर गेला की मायक्रो, आणि सवलती कमी. माझा आधीच काठावरचा. एकेक सेल 45 ग्रॅमच्या वर, शिवाय तारा, पट्टा, चिकटपट्टी. काटा 250 ओलांडून बराच पुढं जाऊन थांबला. बसल्याजागी माझी जात बदलली.

शहरात उडवायची सोय नाही. इकडं कॅम्पात लष्कर, तिकडं सांबऱ्याला विमानतळ. सरकारी नकाशावरचा हिरवा रंग, म्हणजे परवानगी न मागता ड्रोन उडवायची जागा, शोधत आणि मायक्रोसाठीची कागदपत्रं पुरी करत बरेच दिवस गेले. शेवटी खानापूरकडं मेहुण्याच्या शेतात पोचलो. मेहुण्यानं गडीमाणसांना कामं सोडून बोलावलं होतं. मी जाहीर केलं, की नव्या बॅटरीची ताकद जुनीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आता बघा.

ड्रोन वर गेला. जरा जडपणानं गेला, पण गेला. भात, काजू, पलीकडचं तळं, सगळं मोबाईलवर दिसायला लागलं. आणि अचानक इशारा आला, बॅटरी संपली, खाली उतरतोय. मी बटणं दाबतोय, ड्रोन ऐकेना. थेट चिखलात बसला. मीटर लावून बघितलं तर सेलमध्ये वीज भरपूर! चिपच्या वहीत अजून जुन्या, थकलेल्या बॅटरीचा हिशोब होता. तिला वाटत होतं, आपलं वय झालंय, आता पडावं.

पूर्ण चार्ज, मग पार रिकामी, मग परत चार्ज, असे फेरे घातले की चिप नवा हिशोब शिकते, असं मी मेहुण्याला समजावून सांगितलं. त्यानं चिखलातून ड्रोन काढून माझ्या हातात दिला.

"म्हणजे भावजी, आधी पण एवढाच उडत होता की."

"तांत्रिक कारण आहे."

"असू दे, असू दे. तुम्हाला जमतंय म्हणताय तर जाता जाता आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी पण बघा की. सकाळपासून ढकलून सुरू करूलालोय."