आई 72 ची आहे हो, 2 ची नाही!

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, शुद्धलेखन बघू नका.

सकाळी आईला मोतीबिंदूच्या तपासणीला घेऊन गेले होते. काउंटरच्या मुलापुढे आई उभी, फाइल आईच्या हातात, आणि हा मला विचारतोय, "आजींना शुगर आहे का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आईनेच सांगितलं, मेटफॉर्मिन पाचशे, सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर, आणि बीपीची एक. तर म्हणतो, "अरे वा, आजी हुश्शार आहेत!" आत थेंब घालणारी सिस्टर म्हणते, "आता शहाण्या बाळासारखं डोळे मिटून बसायचं हं." आणि बाकावरच्या एक काकू माझ्याकडे बघून अगदी समजूतदारपणे, "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपणच हो."

कसलं बालपण? कुणाचं?

हे बाळ कोण आहे सांगते. बाबा गेले त्यानंतर आमच्या सोसायटीत खजिनदार व्हायला कुणी तयार होईना, निम्मे आयटीवाले, कुणाला वेळ नाही, तेव्हा आई म्हणाली मी बघते. वय 68. तोवर बँकेची सगळी कामं बाबांकडे, हिने चेक लिहिला असेल तर क्वचित. ही बाई फुलस्केप वही, लाल पेन आणि पावत्यांचं बाड घेऊन डायनिंग टेबलावर बसली ती संध्याकाळच्या संध्याकाळ बसली, आणि शोधून काढलं की लिफ्टवाला वर्षाच्या एएमसीचे, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराचे पैसे घेतोय आणि त्याच करारात असलेल्या सर्व्हिसिंगची बिलं दर तिमाहीला वर वेगळी लावतोय. कमिटीच्या एक्सेलमध्ये दोन्ही वेगवेगळ्या हेडखाली, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. आईला दिसलं, कारण पन्नास वर्षं वाण्याची आणि दूधवाल्याची खाती तिनेच मिटवलीत.

वेळ लागला तिला, हो. नावं विसरते, तेही खरं. वेग कमी होतोच. अमेरिकेत सिएटलला वॉर्नर शाय म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1956 पासून माणसं दर सात वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासली. बुद्धीचे सगळे भाग एकदम उतरतात असं नाहीच दिसलं त्यात. झटपटपणा आधी जातो, शब्दसंपत्ती, शब्दांची समज साठीच्या पुढेही बरीच टिकते. आपण मात्र एक वेग बघतो आणि अख्ख्या माणसाला नापास करून टाकतो.

बीएडला आम्ही पियाजे घोकला, मुलांचा विचार कसकसा वाढतो ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ. त्याच्या पायऱ्या बाराव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या टप्प्यावर पोचतात, पुढे माणूस आपला आपण. एरिक्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने 1950 सालीच जन्मापासून म्हातारपणापर्यंत आयुष्याचे आठ टप्पे मांडले होते, पण आमचे सर किशोरवयापर्यंत शिकवायचे आणि बाकीचं "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडायचे. शेवटचा टप्पा म्हणजे झालेलं आयुष्य आपलं म्हणून स्वीकारता येतंय की नुसती हळहळ उरतेय, ही ओढाताण. काय पोरखेळ आहे का हा? आणि एरिक्सन गेल्यावर त्याच्या बायकोने, जोनने, नव्वदी ओलांडलेली असताना त्यात नववा टप्पा घातला, अगदी शेवटच्या वर्षांचा. 1997 मध्ये छापून आला. चाळिशीत बसून नव्वदीचं काय कळणार!

आई हल्ली लग्नांना जात नाही. नातेवाईक म्हणतात एकलकोंडी झाली, डिप्रेशन आलंय का दाखवा. अहो, तिने माणसं गाळलीत. दुपारी मावशीशी तासभर फोन, संध्याकाळी खाली कट्ट्यावर दोघीतिघी, बास. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांनी हेच तर मांडलंय, वेळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस ओळखी वाढवत बसत नाही, जवळची माणसं धरून ठेवतो. आपल्याला तिशीत जमत नाही हे, नको त्या बारशांना जातो.

डिमेन्शिया असतो, मान्य, आमच्या मजल्यावरच एक काका आहेत, त्यांच्या मुलीचे हाल मी बघते. पण ते आजारपण आहे, वय नव्हे, आणि त्या काकांनासुद्धा कुणी बाळ म्हटलेलं आवडत नाही.

त्या काउंटरच्या पोरावर माझा राग नाही खरं तर. चोविशीचा असेल, सकाळपासून उभा, त्याला वाटलं आपण गोड बोलतोय. त्याला कुणी शिकवलंच नसेल की बाबा, जिचा डोळा आहे तिला विचार. आपल्याकडे कौतुक हे असंच असतं. मुरबाडजवळ फांगण्याला 2016 पासून आजीबाईंची शाळा आहे, गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी घेऊन अक्षरं गिरवतात. त्यांचे व्हिडिओ आले की खाली सगळ्यांचं "सो क्यूट"! क्यूट काय त्यात? जन्मभर अंगठा लावलेली बाई सत्तरीत स्वतःची सही करते. तुम्ही सत्तरीत नवीन लिपी शिकून दाखवा, मग बोलू.

आईला विचारलं येताना रिक्षात, राग नाही आला? म्हणाली, "आला ना. पण थेंब तिच्या हातात होते." मी हसले, पण नंतर पोटात कसंतरी झालं. म्हणजे ही माणसं हे सगळं ऐकून गिळतात आणि आपण म्हणतो किती शांत झालीये हल्ली आई.

आणि दादा, तू वाचशीलच हे. आईच्या एफडी मोडून तुमच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला लावायच्या असं तुमचं ठरलंय म्हणे. मला कळलं, मामाला कळलं, वहिनीच्या माहेरी कळलं. जिच्या एफडी आहेत तिला कुणी विचारलंय का? "आईला काय कळतंय त्यातलं" असं फोनवर म्हणालास परवा. त्या लिफ्टवाल्यालाही तसंच वाटलं होतं रे. तिने त्याला डायनिंग टेबलाशी बसवून एकेक बिल वाचून दाखवायला लावलं आणि जादा घेतलेले पैसे पुढच्या वर्षाच्या एएमसीतून वळते करून घेतले.

रविवारी ये. हप्त्यांचे कागद घेऊन ये, ती विचारणार आहे.