पहिलं वेल्डिंग मशीन साधं आर्कच घ्या

नवशिक्याने थेट गॅस न लागणारं मिग मशीन (ज्यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकते) घ्यावं, हा घरगुती वेल्डिंगवरच्या लेखातला सल्ला मला पटला नाही. त्याची फ्लक्स कोअर वायर (जोडाला हवेपासून जपणारी पूड आत भरलेली तार) आर्क मशीनच्या रॉडपेक्षा महाग पडते. घरची कामं म्हणजे कूलरचा स्टँड, गेटचं बिजागर, गच्चीवरची जाळी. त्याला घरच्या सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर (हलकं, इलेक्ट्रॉनिक) आर्क मशीन पुरतं. 2.5 मिमीचा 6013 (साध्या लोखंडी कामाचा) रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालतो, म्हणून डब्यावरच्या 400 अँपिअरच्या आकड्याला भुलू नका, ड्यूटी सायकल विचारा. 60 टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दर 10 मिनिटांत 6 मिनिटं वेल्डिंग, आणि हा हिशेब बहुधा 40 अंश तापमानाचा असतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा मशीनला जास्त विसावा द्यावाच लागतो. सॉकेट 16 अँपिअरचं, अर्थिंग पक्कं. इतवारी बाजारात घेणार असाल तर दुकानदाराला रॉड लावून दाखवायला सांगा.

हेल्मेट मात्र कृपा करून स्वस्तातलं घेऊ नका. काच 10 किंवा 11 शेडची (काळेपणाचा क्रमांक) हवी. आणि जस्ताचा थर दिलेला पाइप जोडायच्या आधी जोडावरचा तो थर घासून काढा, त्या धुराने अंगात ताप भरतो.